सेवक फितविण्यास प्रतिबंध

एका मालकाच्या नोकरीत असलेल्या व्यक्तीस अधिक वेतनाचे वा अन्य लाभाचे आमिष दाखवून ती नोकरी सोडावयास लावणे व आपल्या नोकरीत घेणे, यास सेवक फितविणे असे म्हणतात. हा व्यवहार जुना आहे आणि त्यास आळा घालण्याचे प्रयत्नही तितकेच जुने आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा एक विशेष प्रकार पुढे आला. पहारेकरी, परिचारिका, सफाई कामगार, टंकलेखक, संगणक-अभियंते अशी माणसे आपल्या पटावर ठेवून ती दुसऱ्याच्या कामावर पाठविणाऱ्या सेवासंस्था निघाल्या. आणि ज्या ग्राहकाकडे माणूस पाठवावा, त्यानेच त्यास परस्पर आपल्या नोकरीत ठेवून घ्यावे, असे वारंवार घडू लागले. रुग्णाच्या शुश्रूषेसाठी ब्यूरोकडून आलेली बाई काही महिन्यांनी त्याच घरी थेट पगारावर राहते, हे शहरांतील अनेक कुटुंबांच्या परिचयाचे आहे. असे घडू नये म्हणून सेवासंस्था ग्राहकाशी करावयाच्या करारात एक कलम घालतात : कराराच्या मुदतीत व त्यानंतर ठराविक काळ ग्राहकाने संस्थेचा माणूस नोकरीस घेऊ नये, घेतल्यास अमुक रक्कम द्यावी. हे कलम आजचे दिसले, तरी त्यामागे सहा-सात शतकांचा विधी-इतिहास आहे. बंधन नेमके कोणावर घालावयाचे, नोकरावर, त्याला नेणाऱ्यावर, की दोन मालकांच्या आपसांतील व्यवहारावर, हा त्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

सेवासंस्थेची तक्रार निराधार नसते. माणूस शोधणे, त्याची पूर्वचौकशी करणे, त्यास काम शिकविणे हा खर्च ती आरंभीच करते. आणि वेतन, भविष्यनिर्वाह निधी इत्यादींवर जी थोडी अधिक रक्कम ती ग्राहकाकडून घेते, तीतून हा खर्च महिन्यामहिन्याने भरून निघावयाचा असतो. ग्राहकाने दुसऱ्याच महिन्यात माणूस उचलला, तर संस्थेने केलेला शोध ग्राहकास फुकट मिळतो. परंतु याच हिशेबाची दुसरीही बाजू आहे. वर्ष-दोन वर्षांत तो खर्च वसूल झालेला असतो. त्यानंतरही कलम चालूच राहिले, तर ते खर्चाचे रक्षण करीत नाही. माणसावरील हक्काचे रक्षण करते.

प्राचीन भारतीय धर्मशास्त्रात सेवाकराराचा भंग हा स्वतंत्र विवादविषय मानला आहे. नारदस्मृतीत त्यास ‘अभ्युपेत्याशुश्रूषा’ असे नाव आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात वेतन घेऊन काम न करणाऱ्या भृतकास बारा पण दंड सांगितला आहे. त्याच प्रकरणातील आणखी एक नियम लक्षणीय आहे. मालकाने दुसऱ्याकडून काम करवून घ्यावयाचे नाही आणि भृतकाने दुसऱ्याचे काम करावयाचे नाही, असा परस्पर करार असता काम न देणारा मालक आणि काम न करणारा भृतक या दोघांनाही तोच बारा पणांचा दंड आहे. बंधन उभयपक्षी आणि दंडही समान, ही दृष्टी पुढील अनेक शतकांच्या कायद्यांत अभावानेच आढळते.

यूरोपीय विधीचा उगम एका साथीत आहे. १३४८–४९ च्या प्लेगने इंग्लंडमधील लोकसंख्या फार मोठ्या प्रमाणावर घटली, मजूर दुर्मिळ झाले व मजुरी वाढू लागली. तिसऱ्या एडवर्डच्या १३४९ च्या अध्यादेशाने व १३५१ च्या मजूरविषयक कायद्याने मजुरीचे दर साथीपूर्वीच्या पातळीवर बांधून टाकण्यात आले, मुदतीपूर्वी काम सोडणाऱ्यास कैद सांगितली आणि असा मजूर ठेवून घेणाऱ्यासही शिक्षेस पात्र ठरविले. म्हणजे मजुराची किंमत वाढू नये, यासाठी मालकांच्या आपसांतील चढाओढीलाच गुन्हा ठरविण्यात आले. पुढे सामान्य विधीत मालकास दिवाणी दावाही मिळाला. १७७४ मध्ये हार्ट विरुद्ध ऑल्ड्रिज या प्रकरणात चांभारकाम करणारे कारागीर फितवून नेणाऱ्याविरुद्ध दावा चालतो, असे लॉर्ड मॅन्सफील्डच्या न्यायालयाने ठरविले. राज्यसंस्थेनेही हेच धोरण स्वीकारले होते. ब्रिटिश कारागिरांना परदेशी फितवून नेणे १७१९ च्या कायद्याने दंडनीय होते व तो निर्बंध १८२४ पर्यंत टिकला. कारागिराच्या हातातील कसब हे मालकाचे वा राष्ट्राचे धन आहे, अशी ती कल्पना होती.

आधुनिक विधीचा पाया घालणारे प्रकरण मात्र रंगभूमीवरचे आहे. योहाना वाग्नर ही संगीतकार रिखार्ट वाग्नरची पुतणी व नामांकित गायिका. लंडनच्या ‘हर मॅजेस्टीज थिएटर’चा चालक बेंजामिन लम्ली याच्याशी तिने तीन महिने गाण्याचा करार केला होता. कॉव्हेंट गार्डन येथील फ्रेडरिक गाय याने अधिक मोबदला देऊ करून तिला आपल्याकडे ओढले. लम्लीने १८५२ मध्ये गायिकेविरुद्ध मनाई हुकूम मिळविला. न्यायालयाने तिला लम्लीकडे गाण्याची सक्ती केली नाही. मुदतीत अन्यत्र गाऊ नये, एवढेच सांगितले. त्यानंतर गायवर नुकसानभरपाईचा दावा झाला. १८५३ मध्ये बहुसंख्य न्यायाधीशांनी असा निर्णय दिला, की दुसऱ्याचा करार मोडावयास जाणूनबुजून प्रवृत्त करणे हे अपकृत्य होय. मग करार करणारी व्यक्ती घरगडी असो वा गायिका. न्यायमूर्ती कोलरिज यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले. फितविण्याविरुद्धचा दावा हे प्लेगनंतरच्या मजूरविषयक कायद्याचे अपत्य आहे, ते नोकरवर्गापुरतेच आहे, त्याचा विस्तार करू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. इतिहास म्हणून त्यांचे म्हणणे अधिक विचारार्ह आहे. विधी म्हणून मात्र बहुमताचे तत्त्वच जगभर पसरले. गंमत अशी, की पुढे ज्युरीपुढे वस्तुस्थितीचा निवाडा झाला, तेव्हा तो करार बंधनकारक नाही अशी गायची प्रामाणिक समजूत होती, असे मानून निकाल त्याच्याच बाजूने देण्यात आला.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत या कल्पनेचा सर्वांत कठोर उपयोग झाला. यादवी युद्धानंतर गुलामगिरी नष्ट होताच १८६५ पासून तेथील विधिमंडळांनी कृष्णवर्णीय मजुरांस फितविणाऱ्यांविरुद्ध फौजदारी कायदे केले. बाहेरच्या राज्यांसाठी मजूर गोळा करणाऱ्या दलालांवर जबर कर बसविण्यात आले. जॉर्जिया राज्याचा असा ५०० डॉलरचा कर सर्वोच्च न्यायालयाने १९०० मध्ये वैध ठरविला. हे निर्बंध वरवर पाहता मालकांवर किंवा दलालांवर होते. त्यांचा परिणाम मात्र मजुरावर झाला : त्याला दुसरीकडून बोलावणेच येईनासे झाले.

भारतात कंपनी सरकारच्या अस्तानंतर लगेचच १८५९ चा तेरावा अधिनियम झाला. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांच्या मागणीवरून केलेल्या या कायद्यान्वये आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कारागिरास वा मजुरास दंडाधिकारी काम करण्याचा हुकूम देई व तो न पाळल्यास तुरुंगवास होई. प्रथम तीन इलाखा शहरांपुरता असलेला हा कायदा पुढे अन्यत्र, विशेषतः आसामच्या चहामळ्यांत, लागू करण्यात आला. आसामात तर १८६५ च्या कायद्याने मळेवाल्यास पळालेला मजूर वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार दिला होता. तो १९०८ मध्ये काढून घेण्यात आला. मजूर दूरच्या प्रदेशांतून खर्च करून आणलेले असत आणि शेजारचा मळेवाला ते आयतेच उचलील ही भीती सदैव असे. म्हणून एकमेकांचे मजूर फितवू नयेत, असे नियम मळेवाल्यांच्या संघटनांनी आपसांत केले. आजच्या कलमाचे हे जवळचे पूर्वरूप म्हणावे लागेल. १८५९ चा अधिनियम १९२५ मध्ये रद्द करण्यात आला आणि त्याच वर्षी भारतीय दंड संहितेतील सेवाकरारभंगाविषयीची ४९० व ४९२ ही कलमेही निरसित झाली.

मुंबईच्या कापडगिरण्यांत असा कायदा फारसा उपयोगी नव्हता. कारण तेथे माणसे मुकादमाच्या हाती असत. मुकादम (जॉबर) गावाकडून वा चाळीतून माणसे आणी, त्यांना कामावर लावी, आणि त्याने गिरणी बदलली तर त्याची माणसेही त्याच्यामागून जात. यावर गिरण्यांनी शोधलेला उपाय म्हणजे पगार मागे ठेवणे. केलेल्या कामाचे वेतन काही आठवडे उशिरा द्यावयाचे, म्हणजे सोडून जाणाऱ्याचे तेवढे पैसे बुडतात. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने वेतनाचा कालावधी एका महिन्याहून अधिक असू नये व तो संपल्यापासून ठराविक दिवसांत वेतन द्यावे, असे बंधन घालून या प्रथेस आळा घातला. महाराष्ट्रातील ऊसतोडणीत मुकादमी अद्याप टिकून आहे. गाळप हंगामापूर्वी मुकादमामार्फत ‘उचल’ दिली जाते, नवराबायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते, आणि एका कारखान्याची उचल घेतलेली टोळी दुसरीकडे गेल्याच्या तक्रारी होत राहतात. अशा तक्रारीत उचलीची रक्कम आणि माणसाचे जाणे-येणे यांची गल्लत होता कामा नये. आगाऊ रकमेपोटी नोकरीचे वा हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागत असेल, तर तो प्रकार १९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमाच्या कक्षेत येतो.

दिवाणी बाजूस भारताने इंग्लंडहून निराळा व अधिक उदार मार्ग धरला. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या २७ व्या कलमानुसार कोणासही कायदेशीर व्यवसाय, व्यापार वा धंदा करण्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता शून्य होय; धंद्याचा नावलौकिक विकणाऱ्यावरील वाजवी बंधन एवढाच कलमातील अपवाद. इंग्लिश न्यायालये निर्बंध वाजवी आहे की नाही ते पाहतात. भारतीय कलमात ‘वाजवी’ हा शब्द त्या अपवादापुरताच येतो. माधवचंद्र परामाणिक विरुद्ध राजकुमार दास (१८७४) या प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाने अंशतः निर्बंधही शून्यच ठरविला. ब्रह्मपुत्रा टी कंपनी विरुद्ध स्कार्थ (१८८५) या खटल्यात पुढील सीमारेषा आखली गेली : नोकरी चालू असताना अन्यत्र काम न करण्याचे बंधन चालते, नोकरी सुटल्यानंतरचे चालत नाही.

ही रेषा सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग (१९६७) हे प्रकरण कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातले. परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर मिळालेली प्रक्रिया शिकलेला कर्मचारी पाच वर्षांच्या मुदतीपूर्वीच राजस्थानातील कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. बंधन कराराच्या मुदतीपुरतेच असल्यामुळे न्यायालयाने ते ग्राह्य मानले. सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगाई (१९८०) या प्रकरणातील कंपनी मालाची तपासणी करून देणारी, म्हणजे खरोखरीच सेवासंस्था होती. तिने आपला अधिकारी काढून टाकला आणि नंतर त्यास त्याच गावी तोच धंदा करण्यास मनाई मागितली. नोकरी ‘सोडणे’ या शब्दात काढून टाकणे येत नाही, एवढ्या मर्यादित आधारावर बहुमताने निकाल कंपनीविरुद्ध दिला; न्यायमूर्ती अ. प. सेन यांनी मात्र असे उत्तरकालीन बंधन २७ व्या कलमाने मुळातच शून्य असल्याचे सविस्तर दाखविले. पर्सेप्ट डी’मार्क विरुद्ध जहीर खान (२००६) या क्रिकेटपटूच्या प्रकरणातही हीच भूमिका कायम राहिली. नोकरीच्या मुदतीतील बंधनास मात्र न्यायालये अनुकूल राहिली आहेत : विजया बँकेच्या प्रकरणात (२०२५) तीन वर्षे नोकरी न केल्यास दोन लक्ष रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली.

नोकरावरील बंधन टिकत नाही असे दिसल्यावर संस्थांनी ते ग्राहकावर घातले. तात्पुरती माणसे पुरविण्याच्या धंद्याची आधुनिक सुरुवात अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. डेट्रॉइट येथे विल्यम रसेल केली यांनी १९४६ मध्ये आणि मिलवॉकी येथे ‘मॅनपॉवर’ या संस्थेने १९४८ मध्ये कचेऱ्यांना टंकलेखक व कारकून पुरविण्यास प्रारंभ केला. ग्राहकाने माणूस ठेवून घेतल्यास ठराविक रक्कम द्यावी, हे कलम या धंद्याबरोबरच रूढ झाले.

भारतात या प्रकारच्या कलमाचा प्रत्यक्ष विचार दिल्ली उच्च न्यायालयाने विप्रो विरुद्ध बेकमन कूल्टर (२००६) या प्रकरणात केला. वैद्यकीय तपासणीची उपकरणे बनविणाऱ्या परदेशी कंपनीची विप्रो ही अनेक वर्षे भारतातील वितरक होती. करार संपल्यानंतर दोन वर्षांपर्यंत कोणीही दुसऱ्याचे कर्मचारी फितवू नयेत, असे कलम त्यात होते. उत्पादक कंपनीने भारतात स्वतःचा कारभार थाटताना आपल्याच उपकरणांचा अनुभव असलेल्यांना प्राधान्य देणारी जाहिरात दिली. असा अनुभव कोठल्या माणसांना असणार, हे उघड होते. ती जाहिरात म्हणजे फितविणेच होय, असे न्यायालयाने मानले. कलमही वैध ठरले, कारण ते कर्मचाऱ्यांना बांधीत नव्हते, दोन कंपन्यांना बांधीत होते. परंतु जे कर्मचारी अगोदरच गेले होते, त्यांना परत फिरविण्यास न्यायालयाने नकार दिला. त्यांच्यापुरता विप्रोचा उपाय नुकसानभरपाईचा, आणि मनाई केवळ यापुढील फितविण्यास. हा निर्णय तर्कशुद्ध आहे, तथापि एक प्रश्न त्याने मागे ठेवला आहे. कर्मचाऱ्यावर बंधन नाही हे खरे. पण त्याला घेऊ शकणारा एकुलता एक मालक बांधलेला असेल, तर व्यवहारात त्याच्या स्वातंत्र्याचा अर्थ काय राहतो? खास उपकरणे वा एकाच ग्राहकाची संगणकप्रणाली सांभाळणाऱ्या माणसापुढे ही अडचण खरोखरच उभी राहते.

करारात लिहिलेली रक्कम जशीच्या तशी मिळते, असेही नाही. संविदा अधिनियमाच्या ७४ व्या कलमानुसार नमूद रक्कम ही कमाल मर्यादा होय. तिच्या आत वाजवी भरपाईच मिळते, हे फत्तेचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) या निर्णयापासून प्रस्थापित आहे. एका वर्षाच्या वेतनाइतकी रक्कम लिहिणाऱ्या संस्थेस माणूस शोधण्याचा व शिकविण्याचा आपला खर्च दाखविता आला नाही, तर ती रक्कम कागदावरच राहण्याचा संभव असतो. अमेरिकेत एच-१बी परवान्यावर गेलेल्या अभियंत्यांकडून, ज्यांत पुण्या-मुंबईचे मराठी तरुणही पुष्कळ असतात, मुदतीपूर्वी नोकरी सोडल्याबद्दल दंड वसूल करण्यास १९९८ पासून बंदी आहे. वाजवी नुकसानभरपाई मात्र मागता येते. दंड आणि भरपाई यांतील हाच भेद तेथेही निर्णायक ठरला आहे.

अमेरिकेत या विषयास आणखी एक वळण मिळाले ते स्पर्धाविषयक कायद्यामुळे. अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, गूगल, इंटेल, इंट्यूइट व पिक्सार या कंपन्यांनी एकमेकांचे अभियंते न बोलाविण्याचे गुप्त समझोते केल्याचे उघडकीस आल्यावर न्याय विभागाने २०१० मध्ये ते बंद करविले. अभियंत्यांनी केलेल्या सामुदायिक दाव्यात त्यांपैकी अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, गूगल व इंटेल या चार कंपन्यांनी ४१·५ कोटी डॉलर देण्याची तडजोड २०१५ मध्ये मान्य झाली. आसामच्या मळेवाल्यांचे नियम व हे समझोते यांत तत्त्वतः फारसा फरक नाही. सेवासंस्था व ग्राहक यांच्यातील कलम मात्र निराळे मानले जाते, कारण त्यामागे प्रत्यक्ष सहकार्याचा व्यवहार असतो. रुग्णालयांना परिचारिका पुरविणाऱ्या आया व एएमएन या दोन संस्थांच्या वादात संघीय अपील न्यायालयाने २०२१ मध्ये असे कलम सहकार्याचे आनुषंगिक म्हणून ग्राह्य धरले. यूरोपीय आयोगाने २०२५ मध्ये डिलिव्हरी हीरो व ग्लोव्हो या कंपन्यांना ३२·९ कोटी यूरो दंड केला. आरोपांत परस्परांचे कर्मचारी न घेण्याचा समझोताही होता.

प्रश्नाचे सर्वांत समंजस उत्तर यूरोपात मिळाले आहे. पश्चिम जर्मनीच्या १९७२ च्या कायद्याने ग्राहकास माणूस घेण्यास मनाई करणारे कलमच निष्प्रभ केले. २००३ मध्ये तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मोबदला आकारणेही अवैध ठरविल्यावर विधिमंडळाने वाजवी मोबदल्यास मुभा दिली. यूरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशाने हीच तडजोड सर्व सदस्य राष्ट्रांस लागू केली व शिवाय ग्राहकाकडील रिकाम्या जागा तात्पुरत्या कामगारांना कळविल्या पाहिजेत, असेही बंधन घातले. ब्रिटनचे २००३ चे नियम तर हिशेबच मांडून देतात : काम सुरू झाल्यापासून चौदा आठवडे किंवा संपल्यापासून आठ आठवडे, यांत जी मुदत उशिरा संपेल तिच्यानंतर ग्राहकाने माणूस घेतल्यास संस्थेस काही मागता येत नाही. त्याआधी घ्यावयाचा असल्यास मोबदला द्यावा, नाहीतर तोच माणूस आणखी ठराविक काळ संस्थेमार्फत ठेवून मग विनामूल्य घ्यावा, असा पर्याय ग्राहकापुढे ठेवणे संस्थेवर बंधनकारक आहे.

भारतात हा प्रश्न कंत्राटी कामगारांच्या प्रश्नाशी उलट्या दिशेने जोडला गेला आहे. सेवासंस्था ग्राहकाने माणूस घेऊ नये म्हणून झगडते. कंत्राटी कामगार मात्र ग्राहकाने, म्हणजे मुख्य मालकाने, आपणास घ्यावे म्हणून दशकानुदशके न्यायालयांत जात आला आहे. महाराष्ट्राच्या १९८१ च्या खाजगी सुरक्षा रक्षक अधिनियमात एजन्सीमार्फत नेमलेला रक्षक मंडळाच्या संरक्षणाखाली येतो आणि कारखान्याचा थेट व नियमित कर्मचारी त्या व्याख्येबाहेर राहतो. दोहोंमधील रेषा कायद्यानेच आखली आहे. कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० खाली एखाद्या कामातील कंत्राट पद्धती बंद झाली, की कामगार आपोआप मुख्य मालकाचे होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या प्रकरणात १९९६ मध्ये म्हटले होते. पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात २००१ मध्ये घटनापीठाने ते मत रद्द केले. हा अधिनियम आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आहे. कंत्राट हा केवळ देखावा होता असे सिद्ध झाल्यास मात्र कामगार पहिल्यापासून मुख्य मालकाचाच समजला जातो, असे २००१ च्या निर्णयात म्हटले आहे. आणि जो मुळात संस्थेचा नव्हताच, त्यास फितविल्याबद्दल भरपाई मागण्यास तिला आधार उरत नाही.